हेवी मेटलसाठी पिकअप: आउटपुट किती हवं ते या क्रमाने ठरवा

संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी, कुठेही मेटल वाजवणाऱ्या पोरांशी बोला, पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो: "सगळ्यात जास्त आउटपुटचा पिकअप कोणता?" पिकअप म्हणजे गिटारच्या स्ट्रिंगखालचा, मॅग्नेट आणि तारेच्या कॉइलचा तो भाग, जो स्ट्रिंगच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करतो. मग ऑनलाइन यादी उघडून किलोओहमचा सगळ्यात मोठा आकडा शोधला जातो. पिकअप कुरिअरने येतो, बसतो आणि थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू होतात. पाम म्यूट (तळहात स्ट्रिंगवर टेकवून मारलेला फटका) फुगतो, ड्रॉप सी मध्ये (जाड स्ट्रिंग सी पर्यंत उतरवलेल्या ट्यूनिंगमध्ये) जाड स्ट्रिंग गढूळ वाजते, बँडमधली दुसरी गिटार सुरू झाली की रिफ ऐकूच येत नाही. एवढे पैसे घातल्यावर आपलं वाजवणंच कमी पडतंय असं वाटून पोरं खट्टू होतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पिकअप चांगलाच असतो, फक्त त्या ट्यूनिंगला आणि त्या सेटअपला तो चालत नाही.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. पिकअपचं आउटपुट म्हणजे स्ट्रिंग वाजल्यावर त्यातून निघणारा व्होल्टेज. तो दुप्पट झाला की ६ डेसिबल वाढले. वाढलेला सिग्नल अ‍ॅम्पच्या पहिल्या स्टेजला जोरात ढकलतो आणि डिस्टॉर्शन लवकर येतं. पण हे ६ डेसिबल साध्या बूस्ट पेडलनेही मिळतात, आणि आजच्या प्रोसेसरमध्ये किंवा प्लगइनमध्ये गेन (सिग्नल वाढवण्याची ताकद) हवा त्याहून जास्तच असतो. पेडलने मिळत नाही तो पिकअपचा आवाज: स्ट्रिंगला फटका बसल्यावर तो किती पटकन उठतो, मिड कुठे जाड होतो, ट्रेबल कुठून उतरायला लागतो. म्हणून आउटपुटचा आकडा निवडताना तुम्ही खरं तर आवाजाचा आकार निवडत असता. खालचे सगळे टप्पे त्यासाठीच आहेत. पहिले दोन अजिबात गाळू नका.

## टप्पा १: पैसे खर्च करण्याआधी आहे त्या गिटारची तपासणी

१. नवीन स्ट्रिंग लावा. उन्हाळ्यात घामाने स्ट्रिंग फार लवकर मरतात, आणि मेलेल्या स्ट्रिंगवर कोणताही पिकअप गढूळच वाजतो. २५.५ इंच स्केलच्या गिटारवर ड्रॉप सी वाजवत असाल तर १०-५२ किंवा ११-५४ चा सेट हवा. ०९-४२ लावून ड्रॉप सी केलं तर जाड स्ट्रिंग ढिली पडते, फटक्यासरशी तिचा सूर वर जाऊन खाली येतो. तो लोळागोळा पिकअप बदलून जात नाही.

२. व्हॉल्यूम आणि टोन दोन्ही पूर्ण १० वर ठेवा. गिटार हातात घेतल्यावर टोन ७ वर आहे हे कितीतरी जणांच्या लक्षातच येत नाही.

३. केबल तपासा. याचा हिशोब पुढे येतो, तूर्त इतकंच की तपासणीसाठी ३ ते ५ मीटरची चांगली केबल वापरा.

४. ब्रिज पिकअपची, म्हणजे स्ट्रिंग बॉडीवर जिथे संपतात तिथल्या पिकअपची उंची बघा. कारखान्यातून आलेल्या स्वस्त गिटारमध्ये पिकअप बरेचदा खूप खाली असतो. शेवटचा फ्रेट दाबून धरा आणि जाड स्ट्रिंग ते पिकअपचा पोल हे अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. ४ मिलिमीटर आलं तर पिकअप वर घ्या, २.५ वर आणा, पुन्हा वाजवा. आउटपुटमधला फरक स्पष्ट ऐकू येतो आणि तो फुकट मिळतो.

५. आता एक रिफ ठरवा: थोडं पाम म्यूट, थोडं उघडं पॉवर कॉर्ड, एक सिंगल नोटची ओळ. फोन समोर धरून रेकॉर्ड करू नका. इंटरफेसमधून (गिटार कॉम्प्युटरला जोडणाऱ्या यंत्रातून) कोरा, इफेक्ट न लावलेला सिग्नल रेकॉर्ड करा. इंटरफेस नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्या घरी जा. ही फाइल जपून ठेवा, शेवटच्या टप्प्यात तिच्याशीच तुलना करायची आहे.

तपासणी: एवढं केल्यावर तक्रार गेली का? गेली असेल तर इथेच थांबा, पिकअपचे पैसे वाचले.

सावधान: तपासताना भणभण येत असेल तर दोष लगेच पिकअपवर ढकलू नका. आपल्याकडे जुन्या घरांत अर्थिंग नसतं किंवा नावापुरतं असतं. एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी पडली की अर्थिंगच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स वाढतो, हिवाळ्यात शांत असलेली गिटार उन्हाळ्यात भणभणते. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्त एलईडी पट्टी आणि लाइट गेल्यावर चालणारा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर हे तिघेही गिटारमध्ये आवाज सोडतात. एकेक बंद करून बघा. स्ट्रिंगला हात लावला की भणभण कमी होत असेल तर गिटारचं आतलं ग्राउंड ठीक आहे, गडबड खोलीत आहे.

## टप्पा २: तुमचा सिग्नल कुठे जातो ते लिहून काढा

एकच पिकअप तीन जणांकडे तीन तऱ्हेने वाजतो, कारण पुढचं यंत्र वेगळं असतं. आपण कोणत्या गटात आहोत ते कागदावर लिहा.

अ) हाय-गेन अ‍ॅम्प, प्रोसेसर किंवा प्लगइन: गेन इथे मुबलक आहे. मध्यम आउटपुट पुरतं, आणि खाली ट्यून केलेल्या गिटारवर तेच जास्त नीट वाजतं.

ब) जुना किंवा साधा ट्यूब अ‍ॅम्प, ज्यात गेन मर्यादित आहे: इथे जास्त आउटपुटचा खरा उपयोग होतो. १९७० च्या दशकात गरम, म्हणजे जास्त आउटपुटचे पिकअप निघाले ते याच कामासाठी.

क) डिस्टॉर्शन पेडल आणि क्लीन अ‍ॅम्प: पेडलमध्ये गेन असतो. आउटपुटपेक्षा पिकअप आणि पेडलच्या मिडची जोडी जुळणं महत्त्वाचं.

ड) गिटार थेट साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये: गणपतीत आणि कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये हे सर्रास चालतं, आणि मेटलच्या आवाजाचा बळी इथेच जातो. पॅसिव्ह पिकअपला (ज्याच्या आत बॅटरीवरचा प्रीअ‍ॅम्प नसतो) पुढे सुमारे १ मेगाओहमचा इनपुट लागतो. मिक्सरच्या माइक इनपुटचा इम्पिडन्स साधारण २ किलोओहम, लाइन इनपुटचा १० ते २० किलोओहम असतो. तिथे ट्रेबल मरतो, आउटपुट पडतं, आणि वाटतं की पिकअप कमजोर आहे. उपाय पिकअप नाही. प्रोसेसर मध्ये लावा, नाहीतर अ‍ॅक्टिव्ह डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारा डबा) लावा.

तपासणी: तुम्ही फक्त 'ड' मध्ये असाल तर आधी डीआय किंवा प्रोसेसर घ्या. पिकअप नंतर.

## टप्पा ३: आकडे वाचायला शिका

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे सावकाश जाऊ.

किलोओहम म्हणजे आउटपुट नव्हे. पिकअपच्या खोक्यावरचा डीसी रेझिस्टन्स फक्त कॉइलच्या तांब्याच्या तारेचा विरोध सांगतो. तार बारीक घेतली की तेवढ्याच वेढ्यांत विरोध वाढतो. ४२ गेजऐवजी ४३ गेजची तार घेतली तर तेवढ्याच लांबीला विरोध सुमारे सव्वापट होतो, आउटपुट तेवढं वाढत नाही. उदाहरण बघा. सेमूर डंकन कंपनीच्या जेबी पिकअपचा रेझिस्टन्स सुमारे १६.४ किलोओहम, डिमार्झिओ कंपनीच्या सुपर डिस्टॉर्शनचा सुमारे १३.७. आकड्यावर गेलात तर दुसरा बराच कमजोर वाटेल. प्रत्यक्षात सुपर डिस्टॉर्शन भरपूर गरम आहे, त्यात सिरॅमिक मॅग्नेट आहे. दुसरं उदाहरण एकाच कंपनीतलं: जेबी आणि डंकन डिस्टॉर्शन यांचे आकडे जवळपास सारखे, १६.४ आणि १६.६. पण जेबीत अल्निको ५ आहे आणि डंकन डिस्टॉर्शनमध्ये सिरॅमिक. पहिला मिडमध्ये गातो, दुसरा कडक आणि आक्रमक वाजतो.

रेझिस्टन्स तापमानाने बदलतो. मराठवाड्यात हे विसरून चालत नाही. तांब्याचा विरोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांना १६.४ किलोओहम असलेला पिकअप मेमधल्या ४२ अंशांच्या दुपारी जवळपास १७.८ दाखवेल, आणि जानेवारीच्या पहाटे १२ अंशांना १५.९. म्हणून "आकडा जुळत नाही, माल डुप्लिकेट आहे" असं म्हणून विक्रेत्याशी भांडण्याआधी खोलीचं तापमान बघा. याउलट १६.४ च्या जागी ८ किंवा ९ आले तर मात्र एक कॉइल शॉर्ट झालेली आहे, वायरिंग चुकलं आहे किंवा माल खरंच दुसरा आहे.

आणखी एक बारकावा. जॅकमधून मोजताना पिकअपसोबत ५०० किलोओहमचा व्हॉल्यूम पॉटही (नॉबखालचा कमी-जास्त होणारा रेझिस्टर) पॅरलल मोजला जातो, त्यामुळे १६.४ च्या जागी १५.९ दिसतात. व्हॉल्यूम १० वर नसेल तर तो आकडा धरूच नका.

मिलिव्होल्ट. डिमार्झिओ आपल्या पिकअपचं आउटपुट मिलिव्होल्टमध्ये देते, सुपर डिस्टॉर्शनचं ४२५. एकाच कंपनीच्या दोन पिकअपची तुलना करायला हा आकडा किलोओहमपेक्षा कितीतरी चांगला. दोन वेगळ्या कंपन्यांचे मिलिव्होल्ट मात्र समोरासमोर ठेवू नका, मोजण्याची पद्धत वेगळी असते.

हेन्री, म्हणजे इंडक्टन्स. मला विचाराल तर मेटलवाल्याने सगळ्यात आधी हा आकडा शोधावा. वेढे वाढले की इंडक्टन्स वाढतो. पिकअपचा इंडक्टन्स आणि केबलचा कपॅसिटन्स मिळून एक शिखर तयार होतं, त्याच्या वरची ट्रेबल झपाट्याने उतरते. जुन्या पद्धतीच्या हंबकरचा (दोन कॉइलच्या पिकअपचा) इंडक्टन्स ४ हेन्रीच्या आसपास असतो, गरम हंबकरचा ८ च्या आसपास. साधारण ५ मीटर केबल धरून एकूण ६०० पिकोफॅरड मानले तर ४ हेन्रीचं शिखर सुमारे ३.२ किलोहर्ट्झला येतं आणि ८ हेन्रीचं २.३ ला. आता स्टेजवर १० मीटरची केबल लावा, म्हणजे एकूण ११०० पिकोफॅरडच्या आसपास: गरम पिकअपचं शिखर थेट १.७ किलोहर्ट्झवर येतं. पिकच्या फटक्याची धार त्याच्या वर राहते, तीच कापली जाते. घरी छान आणि स्टेजवर घोंगडं पांघरल्यासारखा आवाज, याचं कारण बरेचदा हेच असतं.

मॅग्नेट. अल्निको २ मऊ. अल्निको ५ मोकळा, बास आणि ट्रेबल दोन्ही भरलेले. अल्निको ८ त्याहून जोरकस. सिरॅमिक घट्ट, फटका पटकन, मिड कोरडे. खाली ट्यून केलेल्या जलद रिफला सिरॅमिक सहसा सोपा जातो. पण हा कल आहे, नियम नाही. कॉइल वेगळी असेल तर अल्निको ५ चा पिकअपही घट्ट वाजतो.

## टप्पा ४: ट्यूनिंग आणि वाजवण्यावरून पातळी ठरवा

ही ढोबळ विभागणी पॅसिव्ह ब्रिज हंबकरसाठी आहे. किलोओहम फक्त ओळख पटायला दिले आहेत.

कमी आउटपुट, ७ ते ९ किलोओहम. सेमूर डंकन ५९ ब्रिजचा सुमारे ८.१. डूम, स्टोनर, जुन्या वळणाचं हेवी मेटल. गिटारवादक टोनी आयोमीने ब्लॅक सॅबथ बँडच्या सुरुवातीच्या काळात पी-९० जातीच्या सिंगल कॉइल पिकअपवर तो आवाज काढला, हे लक्षात ठेवा. जड आवाजासाठी पिकअप गरमच हवा हा समज तिथेच संपतो.

मध्यम, साधारण ९ ते १३. प्रोसेसर आणि प्लगइनवर वाजवणाऱ्या, ड्रॉप सी किंवा बी पर्यंत उतरणाऱ्या वाजवणाऱ्याने इथून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. बी स्टँडर्डमध्ये जाड स्ट्रिंग सुमारे ६१.७ हर्ट्झ वाजते, ७ स्ट्रिंगवर ड्रॉप ए मध्ये ५५. इतक्या खालच्या सुराला लो-मिड आणखी फुगवणारा पिकअप लावला की नोट वेगळी कळत नाही.

जास्त, १३ ते १७ आणि वर. ई स्टँडर्ड किंवा ड्रॉप डी मध्ये थ्रॅश, साध्या ट्यूब अ‍ॅम्पवर वाजवणं, लांब टिकणारे लीड. जेबी, सुपर डिस्टॉर्शन, डंकन डिस्टॉर्शन, तीन सिरॅमिक मॅग्नेटचा इन्व्हेडर हे सगळे इथले. तुमच्या गिटारचं लाकूड आणि अ‍ॅम्प मुळात उजळ असतील तर हे पिकअप सुंदर बसतात. गिटार आधीच जाड आणि दबकी वाजत असेल तर लांब राहा.

अ‍ॅक्टिव्ह. ईएमजी ८१ सारख्या पिकअपमध्ये आतच प्रीअ‍ॅम्प असतो. कॉइलवर वेढे तुलनेने कमी आणि आउटपुट प्रीअ‍ॅम्पचं, त्यामुळे लांब केबलने ट्रेबल जात नाही आणि भणभण कमी. मेटॅलिका बँडच्या जेम्स हेटफिल्डने ब्रिजला ८१ आणि नेकला ६० ही जोडी वर्षानुवर्षं वाजवली. ज्यांचं वाजवणं बहुतेक बाहेर, खराब वायरिंगच्या मंडपात असतं त्यांना मी अ‍ॅक्टिव्ह आनंदाने सुचवतो. किंमत मोजावी लागते ती हलक्या हाताच्या बारकाव्यांत: हळू आणि जोरात यातला फरक थोडा सपाट होतो.

नेहमीची चूक: ब्रिजला गरम पिकअप घेऊन नेकला तोच घेणं. नेकजवळ स्ट्रिंग जास्त झुलते, म्हणून तिथे एक पायरी कमी आउटपुटचा पिकअप लागतो. नाहीतर स्विच टाकला की आवाज दणकन वाढतो आणि लीड चिकट होते.

तपासणी: पुढच्या टप्प्याला जाण्याआधी कागदावर एक ओळ लिहून घ्या. ट्यूनिंग, स्ट्रिंग, यंत्राचा गट, आणि आता काय खटकतं: "फुगतो", "टोचतो" की "दमच नाही". फुगत असेल तर आउटपुट खाली आणा किंवा सिरॅमिककडे जा. टोचत असेल तर अल्निको आणि थोडं जास्त आउटपुट. दम नसेल तर आधी बूस्ट पेडल मागून आणून लावून बघा. बूस्टने समाधान झालं तर पिकअप नका बदलू.

## टप्पा ५: मागवण्याआधी मापं घ्या

कुरिअरने परत पाठवणं आपल्याकडे वेळखाऊ आहे, म्हणून पट्टी हातात घ्या.

पहिल्या आणि सहाव्या स्ट्रिंगच्या पोलमधलं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. जुन्या गिब्सन पद्धतीत ते ५० मिलिमीटरच्या जवळ असतं, ट्रेमोलो ब्रिजच्या गिटारवर ५१ ते ५३. फरक एक-दोन मिलिमीटरचा असेल तर वाजायला फार बिघडत नाही, पण योग्य माप मिळत असेल तर तेच घ्या. पिकअप रिंगमध्ये बसतो की थेट लाकडात, खाचेची खोली किती, हेही बघा.

मग कंट्रोल कॅव्हिटी उघडून पॉटवरचा आकडा वाचा. पॅसिव्ह हंबकरला ५०० के लागतो. २५० के असेल तर आधी तो बदला, कारण त्यानेच आवाज दबला असू शकतो. ईएमजी ८१ सारख्या अ‍ॅक्टिव्हला २५ के पॉट लागतात, ते बहुधा सोबतच येतात. ५०० के वर अ‍ॅक्टिव्ह लावला तर व्हॉल्यूम नॉब स्विचसारखा वागतो: आधी काहीच नाही, मग एकदम सगळं. ९ व्होल्टच्या बॅटरीला जागा आहे का तेही याच वेळी बघा. झाकण लागत नाही हे नंतर कळणं फार त्रासाचं.

सावधान: एक अ‍ॅक्टिव्ह आणि एक पॅसिव्ह अशी जोडी साध्या वायरिंगवर लावू नका. दोघांना लागणारे पॉट वेगळे आहेत.

## टप्पा ६: बसवणं

४० वॉटचा सोल्डरिंग आयर्न, ६०-४० सोल्डर वायर आणि मल्टिमीटर एवढं पुरतं. मोबाइल आणि टीव्ही दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या कोणत्याही दुकानात मिळतं. हात बसलेला नसेल तर टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांकडे जा, टाका ते तुमच्यापेक्षा उत्तम मारतील. आकृती मात्र तुम्ही घेऊन जा.

१. जुनं वायरिंग फोनवर दोन-तीन बाजूंनी फोटो काढून ठेवा.

२. नवीन पिकअप जोडण्याआधी मल्टिमीटर २० के वर ठेवून मोजा. एक कॉइल, दुसरी कॉइल, मग दोन्ही सिरीजमध्ये. अ‍ॅक्टिव्ह पिकअप असा मोजता येत नाही, त्याचा आकडा निरर्थक येतो.

३. चार वायरी पिकअपचे रंग कंपनीनुसार बदलतात. सेमूर डंकनमध्ये काळी हॉट, हिरवी आणि उघडी तार ग्राउंडला, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून टेपमध्ये. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, हिरवी आणि उघडी ग्राउंडला, काळी आणि पांढरी एकत्र. एकाची आकृती दुसऱ्याला लावली तर आवाज अर्धा आणि पोकळ येतो, आणि दोष पुन्हा आउटपुटवर जातो.

४. टाका पटकन मारा. पॉटच्या पाठीवर आयर्न खूप वेळ धरून ठेवलात तर पॉट जातो. वायर पहिल्याच दिवशी कापून आखूड करू नका, आवाज पसंत पडेपर्यंत गुंडाळून ठेवा.

५. झाकण लावण्याआधी केबल जोडा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दोन्ही पिकअपना हळू टिचकी मारा. स्विच हलवून कोणता केव्हा चालू आहे ते बघा.

तपासणी: स्विच मधल्या जागी ठेवा. आवाज नाकातून आल्यासारखा, पातळ झाला तर दोन पिकअप उलट्या फेजमध्ये आहेत. एकाची हॉट आणि ग्राउंडची जागा बदला. उघडी तार ग्राउंडलाच राहू द्या.

## टप्पा ७: उंची लावणं

पुष्कळ जण पिकअप बसवून लगेच गेन फिरवायला लागतात. आउटपुटची शेवटची चाचपणी उंचीवर होते, आणि ती एका बैठकीत घाईने उरकू नये.

शेवटचा फ्रेट दाबून सुरुवात करा: ब्रिजला जाड बाजूला २.५ मिलिमीटर, बारीक बाजूला २. नेकला जाड बाजूला ३.५, बारीक बाजूला ३. आता टप्पा १ मधला रिफ वाजवा आणि स्क्रू अर्धा फेरा वर घ्या. पुन्हा वाजवा. पुन्हा अर्धा. एका जागी पाम म्यूटचा फटका घट्ट आणि भरलेला येईल. त्यानंतर आणखी वर घेतलं की आवाज मोठा होतो पण फटक्यानंतरचा दम बसतो. तिथून एक फेरा मागे या.

जाड बाजू किंचित खाली ठेवायला घाबरू नका. खाली ट्यून केलेल्या गिटारवर फुगलेला बास कमी करण्याचा इतका सोपा उपाय दुसरा नाही. जोरात वाजवताना स्ट्रिंग पिकअपला लागत असेल तर तुम्ही फार वर आहात.

नेहमीची चूक: जास्त आउटपुटचा पिकअप घेऊन तो स्ट्रिंगला चिकटवणं. गरम पिकअप उलट थोडा खालीच मोकळा वाजतो.

## टप्पा ८: गेन नव्याने लावा, मगच तुलना करा

जुन्या पिकअपवर जमवलेला पॅच नवीन पिकअपवर तसाच ठेवू नका.

१. इंटरफेसवर सगळ्यात जोरात वाजवून शिखर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान आणा. गेन शून्यावर असूनही लाल दिवा लागत असेल तर पॅडचं बटण वापरा किंवा पिकअप खाली करा. इथे फाटलेला सिग्नल पुढे कोणतंही प्लगइन दुरुस्त करत नाही.

२. अ‍ॅम्पचा किंवा प्रोसेसरचा गेन निम्म्यावर आणा आणि तिथून वर चढा. पाम म्यूट तुटक ऐकू येतो तिथे थांबा. एकट्याने वाजवताना हा गेन कमी वाटेल, ड्रम आणि बाससोबत बरोबर वाटेल.

३. पुढे ट्यूब स्क्रीमर जातीचं पेडल असेल तर ड्राइव्ह शून्याजवळ, लेव्हल वर, टोन मध्यावर. ते डिस्टॉर्शनच्या आधी खालचा बास कापतं आणि रिफ घट्ट होतो. गरम पिकअपवर लेव्हल पूर्ण वर नेण्याची गरज पडत नाही.

४. नॉइज गेट (वाजवणं थांबलं की भणभण दाबणारा इफेक्ट) सगळ्यात शेवटी लावा. आधी लावलात तर भणभण किती आहे तेच कळणार नाही.

५. आता तोच रिफ पुन्हा रेकॉर्ड करा, जुनी फाइल उघडा, दोन्हींचा आवाज कानाला सारखा करा आणि एकाच प्लगइनमधून ऐका. आवाज सारखा करणं टाळू नका. जो मोठा तो कानाला चांगला वाटतो, आणि गरम पिकअप नेहमीच मोठा असतो. शक्य असेल तर मित्राला फाइल लावायला सांगा, कोणती कुठली ते तुम्हाला न सांगता.

फुगणं अजून शिल्लक असेल तर व्हॉल्यूम नॉब ८ वर आणून बघा. बरं वाटलं तर आउटपुट जास्त झालंय हे कळलं. नॉब खाली आणल्यावर ट्रेबल जात असेल तर पॉटला ट्रेबल ब्लीडचा कपॅसिटर लावता येतो.

## टप्पा ९: स्टेजवर जाण्याआधी

अ‍ॅक्टिव्ह पिकअप असेल तर केबल काढून ठेवायची सवय लावा. जॅकमध्ये केबल असेपर्यंत बॅटरी चालूच असते. ईएमजी ८१ साठी एका बॅटरीवर सुमारे ३००० तास सांगितले जातात. तरीही वर्षातून एकदा अल्कलाइन बॅटरी बदला आणि बदलल्याची तारीख झाकणाच्या आत लिहा. आवाज पातळ आणि फाटका व्हायला लागला की आधी बॅटरी बघायची.

स्टेजवर ५ ते ६ मीटरपेक्षा लांब केबल लागणार असेल तर पॅसिव्ह गिटारनंतर लगेच एक बफर (लांब केबल पेलेल असा सिग्नल करणारं सर्किट) असलेलं पेडल ठेवा, तेही गिटारच्या जवळ. त्यानंतरची केबल लांब असली तरी ट्रेबल टिकते.

सावधान, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: पॅसिव्ह गिटारच्या स्ट्रिंग अ‍ॅम्पच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात. मंडपात अ‍ॅम्प एका लाइनवर आणि साउंड दुसऱ्या लाइनवर असेल, अर्थिंग नसेल, तर स्ट्रिंग धरून माइकला ओठ लावताच झटका बसू शकतो. गाण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, एक टोक स्ट्रिंगला आणि दुसरं माइकच्या जाळीला लावा. काही व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वाजवू नका. साउंडवाल्याला बोलवा, अ‍ॅम्प आणि मिक्सर एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डवर घ्यायला सांगा आणि पुन्हा मोजा. तो चिडला तरी चालेल, कार्यक्रम दहा मिनिटं उशिरा सुरू झाला तरी चालेल. आकडा शून्याजवळ आल्याशिवाय माइकजवळ जाऊ नका.